मॉडेलच्या हाती नोंदी देण्याआधी: आदिवासी समूहाचा पर्यावरण-डेटा आणि एआय

प्रश्न असा आहे: एका आदिवासी समूहाकडे जंगल, पाणवठे, प्राण्यांच्या वाटा आणि औषधी वनस्पती यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत. पर्यावरण विभाग आणि एक विद्यापीठ मिळून एआय मॉडेल तयार करत आहेत. कोणता भाग संरक्षित करायचा हे त्याच्या आधारे ठरणार आहे. त्यांनी सगळ्या नोंदी मागितल्या आहेत आणि "नंतर नको वाटले तर काढून घ्या" असेही सांगितले आहे. नोंदी द्याव्यात का, आणि दिल्या तर कोणत्या अटींवर?

"नंतर काढून घ्या" याच वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते खरे नाही. सांगणाऱ्याची दानत चांगली असेल, पण हे वचन त्याला पाळता येणार नाही. फाइल परत घेता येते, डेटाबेसमधली ओळ पुसता येते. मॉडेल शिकते तेव्हा मात्र तुमच्या नोंदी लाखो आकड्यांमध्ये मुरतात. भाजलेल्या विटेतून आपली एक मूठ माती वेगळी काढता येत नाही, तसे ते होते. नोंद खरोखर काढायची तर ती वगळून मॉडेल पहिल्यापासून पुन्हा शिकवावे लागते, आणि मुदत व निधी संपलेला प्रकल्प ते करत नाही. शिकलेले विसरायला लावण्याची 'मशीन अनलर्निंग' ही तंत्रे अजून बहुतांशी संशोधनाच्या पातळीवर आहेत आणि विसरले की नाही हे बाहेरच्या माणसाला तपासणे अवघड असते. त्यात बॅकअप, नोंदींवरून काढलेले नकाशे आणि छापले गेलेले अहवाल हे सगळे वेगळेच.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या हवासुपाई लोकांचे प्रकरण इथे नीट समजून घ्यावे. १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांच्याकडून रक्ताचे नमुने घेतले गेले. संमतीपत्रावर मात्र वर्तणुकीच्या आणि वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास, अशी मोघम भाषा होती. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, अंतःप्रजनन आणि लोकांच्या प्राचीन स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. हे त्या लोकांना कोणी विचारले नव्हते, आणि स्थलांतराचे निष्कर्ष त्यांच्या उत्पत्तीबद्दलच्या श्रद्धेलाच धक्का देणारे होते. कोर्टबाजीनंतर २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने समूहाला परत मिळाले. परत मिळाले, कारण ते शीतपेटीत बाटल्यांमध्ये ठेवलेले होते. मॉडेलमध्ये गेलेल्या नोंदींसाठी अशी बाटली नसते. म्हणून तुमचा सगळा जोर नोंदी हातातून सुटण्याआधी लावायचा आहे.

पण सरसकट नकार द्या, असेही मी म्हणणार नाही. नकारालाही किंमत असते. उपग्रह प्रतिमा सगळ्यांना उपलब्ध आहेत, त्यामुळे तुमच्याशिवायही मॉडेल तयार होईल. मग ज्या भागाची नोंद नाही तो भाग मॉडेलला 'वापरात नसलेला' दिसेल, आणि कोऱ्या दिसणाऱ्या नकाशावर कुंपण घालणे सोपे असते. माझे मत असे की मॉडेलला शिकवण्यासाठी मोजके द्यावे, त्याची परीक्षा घेण्यासाठी भरपूर राखून ठेवावे, आणि हे दोन्ही लेखी करार झाल्यावरच करावे.

आधी घरात निवड करा

'आमचा डेटा' अशी एकच गोष्ट नसते. वहीतली एक ओळ घ्या: "१२ मार्च. झऱ्याच्या वरच्या अंगाला, ही वेल. मुळी तापावर चालते. अमुक आजीने दाखवली." या एका ओळीत तारीख, जागा, वनस्पती, उपयोग आणि व्यक्ती अशा पाच गोष्टी आहेत. प्रकल्पाचे लोक आजीचे नाव खोडतील आणि नोंद निनावी झाली म्हणून सांगतील. आजीपुरते ते खरे आहे. समूहापुरते उरलेल्या चार गोष्टी जशाच्या तशा उघड्या आहेत. मुळी कोणत्या महिन्यात काढतात, कुठे मिळते आणि कशावर चालते, हे कळल्यावर ती उपटून न्यायला किंवा त्यावर पेटंटचा अर्ज करायला आजीचे नाव लागत नाही.

कायद्याची उणीव नेमकी इथे आहे. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा डेटा-संरक्षण कायदा असो किंवा भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, दोन्हींचे संरक्षण ओळखता येणाऱ्या व्यक्तीच्या माहितीला आहे. समूहाच्या सामाईक ज्ञानाला या कायद्यांत जागा नाही. "आम्ही गोपनीयतेचे सगळे नियम पाळतो" हे वाक्य त्यामुळे पूर्ण खरे असूनही तुमच्या कामाचे नसते.

नोंदींचे तीन गठ्ठे करा. पहिला मोकळा: नेहमीचे पक्षी, पावसाचे दिवस, आक्रमक तणांची वाढ, झऱ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. दुसरा झाकून द्यायचा: शिकारीला बळी पडणाऱ्या प्राण्यांच्या जागा, विकाऊ वनस्पती, घरटी. तिसरा कुठेच न जाणारा: पवित्र जागा, दफनभूमी, औषधी उपयोग, विशिष्ट कुळापुरते किंवा फक्त स्त्रियांपुरते असलेले ज्ञान. निवड करताना नुसते प्रजातीचे नाव पाहू नका. ही ओळ परक्याला कळली तर कोणाचे काय बिघडेल, हा प्रश्न प्रत्येक स्तंभाला विचारा. हे काम दोघा-तिघा शिकलेल्या तरुणांवर सोपवणे ही नेहमीची चूक आहे. कंद-मुळे काढणाऱ्या बायका, वैद्यकी करणारे आणि जनावरांमागे फिरणारे लोक बैठकीत नसतील, तर तिसऱ्या गठ्ठ्यातल्या निम्म्या गोष्टी पहिल्यात जाऊन बसतात.

जागा झाकणे वाटते तितके सोपे नाही

अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश म्हणजे विषुववृत्तावर साधारण १ मीटरची अचूकता. तीन दशांश म्हणजे सुमारे ११० मीटर, दोन म्हणजे १.१ किलोमीटर आणि एक म्हणजे ११ किलोमीटर. जैवविविधतेच्या नोंदी प्रसिद्ध करताना संवेदनशील प्रजातींसाठी आकडे असे तोडण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती चांगलीही आहे. पण तेवढ्यावर थांबले की गळती होते.

पहिली गळती उरलेल्या स्तंभांमधून. रेखांश तोडला, पण टिपणात "झऱ्याच्या वर, ७४० मीटर उंची, नैर्ऋत्येचा उतार" तसेच राहिले, तर ११ किलोमीटरच्या चौकोनातही उंचीच्या नकाशावरून दोन-चारच जागा उरतात. दुसरी गळती फोटोतून. मोबाइलच्या फोटोत जीपीएसचे आकडे आतच लिहिलेले असतात आणि टेबलमधला स्तंभ पुसल्याने ते जात नाहीत. ते वेगळ्या टूलने काढावे लागतात, शिवाय फाइलच्या नावात जागेचे नाव नाही ना हेही पाहावे लागते. तिसरी गळती यादृच्छिक सरकवण्यातून. खरी जागा दरवेळी वेगळ्या दिशेला थोडी सरकवून दिली, आणि तीच नोंद वीस वेळा डाउनलोड झाली, तर त्या वीस बिंदूंची सरासरी खऱ्या जागेच्या अगदी जवळ येते. म्हणून सरकवायचे तर एकदाच सरकवा, तेच आकडे कायम ठेवा. त्याहून सोपे म्हणजे ठरावीक चौकोनांच्या जाळीत फक्त चौकोनाचा क्रमांक द्या.

चौथी गळती सगळ्यात दुर्लक्षित आहे: मॉडेलचे उत्तर. नेमक्या बिंदूंवर शिकलेल्या मॉडेलने ३० मीटरच्या चौकोनांचा 'इथे सापडण्याची शक्यता' असा नकाशा छापला, तर मूळ बिंदू न देताही नकाशातले गडद ठिपके बोट दाखवतात. म्हणून करारात दोन अचूकता लिहा: डेटा कोणत्या अचूकतेने जाईल आणि नकाशा कोणत्या अचूकतेने प्रसिद्ध होईल.

झाकण्याची किंमतही मान्य करायला हवी. डोंगराळ भागात ११ किलोमीटरच्या चौकोनात दरी, कडा आणि पठार एकत्र येतात. तिथे असा डेटा घेऊन केलेले प्रजातीचे मॉडेल जवळपास निरुपयोगी असते. मग अचूकता हवी आणि जागा तर सांगायची नाही, या पेचातून सुटायचे तर काम उलट दिशेने करा. डेटा त्यांच्याकडे नेण्याऐवजी त्यांचा प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर आणा. प्रजाती कुठे आढळू शकते हे सांगणारी नेहमीची मॉडेले साध्या लॅपटॉपवर चालतात. ड्रोनच्या फोटोंसाठी बरे ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक लागतो. तो इंटरनेटपासून तोडलेला ठेवा. त्यांचा माणूस समोर बसून प्रोग्रॅम चालवेल आणि तुम्ही पाहिलेला निकालच बाहेर जाईल. 'फेडरेटेड लर्निंग' या नावाने हेच दूरवरून करण्याचा प्रस्ताव आला, तर लक्षात ठेवा की तिथे डेटा जात नसला तरी शिकलेल्या बदलांचे आकडे जातात, आणि त्या आकड्यांमधून मूळ डेटाचा अंदाज काढण्याच्या रीती ज्ञात आहेत. ती सोय आहे. संमतीची गरज तिने संपत नाही.

संमती एकदा नाही, टप्प्याटप्प्याने

मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हा शब्दप्रयोग संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात आहे. त्याचे ३१ वे कलम पारंपरिक ज्ञानावर ताबा ठेवण्याचा, ते जपण्याचा आणि विकसित करण्याचा हक्क मान्य करते. जाहीरनामा स्वतःहून बंधनकारक नाही. नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करार मात्र त्यात सामील देशांवर बंधनकारक आहे. तो २०१० मध्ये झाला आणि २०१४ मध्ये लागू झाला, आणि जनुकीय संसाधनांशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानासाठी समूहाची संमती मागतो. डिसेंबर २०२२ मधल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्याचे २१ वे लक्ष्य तर थेट डेटा आणि ज्ञानाबद्दलच आहे, आणि पारंपरिक ज्ञान संमतीनेच वापरावे असे सांगते. तुमच्यासमोर बसलेल्या पर्यावरण विभागाच्या देशाने हा आराखडा मान्य केला असण्याची शक्यता मोठी आहे. बैठकीत या लक्ष्याचा क्रमांक घेऊन बोला.

एआयच्या बाबतीत 'पूर्व' म्हणजे मॉडेलचा प्रश्न ठरण्याआधी. प्रश्न ठरल्यावर तुम्हाला बोलावले, तर तुम्ही फक्त पुरवठादार उरता. 'माहितीपूर्ण' म्हणजे वीस पानांचे संमतीपत्र नव्हे. खोट्या आकड्यांवर केलेला एक नमुना-नकाशा समोर ठेवायला सांगा आणि विचारा: असा नकाशा तयार झाल्यावर कोणता अधिकारी, कोणत्या कागदावर, काय ठरवेल? गुरे चारण्यावर बंदी येऊ शकते का? पुनर्वसनाच्या यादीसाठी तो वापरला जाऊ शकतो का? याचे उत्तर मिळत नसेल, तर माहिती अजून पुरेशी झालेली नाही.

संमती प्रत्येक टप्प्याला वेगळी ठेवा: गोळा करणे, वर्ग पाडून लेबल लावणे, मॉडेल शिकवणे, मॉडेल इतरांना देणे, धोरणात वापरणे, आणि दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरणे. यातल्या शेवटच्या टप्प्याबाबत कडक राहा. 'संशोधन व तत्सम हेतूंसाठी' हे शब्द दिसले की थांबा. हवासुपाई प्रकरण अशाच मोघम शब्दांमुळे घडले. प्रत्येक टप्प्यावर निर्णयाला तुमच्या बैठकीच्या रीतीइतका वेळ द्या. हंगामात लोक रानात असतील, तर तीस दिवसांची मुदत म्हणजे प्रत्यक्षात शून्य दिवस.

मॉडेल कुठे चुकते, आणि परीक्षा तुमच्या हाती का हवी

पर्यावरणाची बहुतेक मॉडेले उपग्रहावरून झाडोरा, आग आणि जमिनीचा वापर ओळखतात. आदिवासी प्रदेशात ती ठरावीक जागी चुकतात. फिरत्या शेतीचे पड टाकलेले तुकडे 'जंगलनाश' ठरतात, कारण झाडोरा गेला एवढेच उपग्रहाला दिसते. तो दहा-बारा वर्षांत परत येणार आहे, हे दिसत नाही. राखलेले गवताळ माळ 'पडीक, वृक्षलागवडीस योग्य' ठरतात. आणि जाणूनबुजून लावलेली आग वणवा ठरते.

आगीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँडमध्ये तिथले मूळ रहिवासी कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला छोट्या, थंड आगी लावतात. गवत अजून ओलसर असते, आग खाली राहते आणि रात्रीच्या दवाने विझते. त्यामुळे जळलेल्या-न जळलेल्या तुकड्यांची जाळी तयार होते आणि ऋतूच्या शेवटी मोठा वणवा पसरायला सलग गवतच उरत नाही. पश्चिम अर्नहेम लँडमध्ये २००६ पासून याच पद्धतीवर प्रकल्प चालू झाला. एका वायू-प्रकल्पाशी झालेल्या १७ वर्षांच्या करारात वर्षाला सुमारे १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन कमी करण्याचे ठरले होते. आता 'जळलेले क्षेत्र म्हणजे नुकसान' असे शिकवलेल्या मॉडेलला मे महिन्यातली ही राखणीची आग आणि ऑक्टोबरमधला वणवा सारखेच दिसतात. आग कधी लागली आणि कोणी लावली हे ज्याला माहीत आहे त्यानेच लेबल लावले, तरच हा भेद मॉडेलमध्ये येतो. म्हणून करारात वर्गांची यादी असावी आणि ती तुमच्या शब्दांत असावी: राखणीची आग, वणवा, नवी पड, जुनी पड, देवाचे रान.

अचूकतेच्या आकड्याने दबून जाऊ नका. समजा १०,००० चौकोन आहेत आणि त्यांतले ४०० पड जमिनीचे आहेत. मॉडेलने ते चारशेच्या चारशे 'जंगलनाश' म्हणून चुकीचे दाखवले आणि बाकी सगळे बरोबर दाखवले, तरी एकूण अचूकता ९६ टक्के निघते. अहवालात ९६ छापले जाईल आणि तुमची जमीन शंभर टक्के चुकलेली असेल. एकूण आकडा न मागता वर्गवार तक्ता मागा: खरे काय होते आणि मॉडेलने काय म्हटले, आणि तेही तुमच्या हद्दीपुरते वेगळे काढून.

दुसरी लपलेली चूक परीक्षेच्या पद्धतीत असते. नोंदी पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला, अशी विभागणी केली तर तपासणीचा बिंदू शिकवलेल्या बिंदूच्या शेजारीच पडतो. शेजारच्या जागा सारख्या असल्याने गुण फुगतात. विभागणी पट्ट्यापट्ट्याने करायला सांगा: एक अख्खे खोरे शिकवण्यातून पूर्ण वगळायचे आणि परीक्षा फक्त तिथे घ्यायची. गुण खाली येतील, पण ते खरे असतील.

आणि ती परीक्षा तुमची असावी. प्रत्येक वर्गाच्या निदान ५० जागा, लोकांनी प्रत्यक्ष जाऊन खात्री केलेल्या, तुमच्याकडे कुलूपबंद ठेवा. त्या मॉडेलला कधीच शिकवायला देऊ नका. मॉडेलने आपले उत्तर आणायचे आणि तुम्ही ते ताडून पाहायचे. पन्नास हा आकडा किमान आहे. पन्नासपैकी ४० बरोबर आले तर ८० टक्के दिसते, पण इतक्या कमी जागांवरून खरा आकडा ६९ ते ९१ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. शंभर-दीडशे जागा जमल्या तर जास्त ठामपणे बोलता येते. करारात लिहा की या परीक्षेत ठरलेल्या गुणांखाली आलेले मॉडेल तुमच्या हद्दीतल्या कोणत्याही निर्णयाला आधार म्हणून वापरले जाणार नाही. नोंदी देण्यापेक्षा हे एक कलम समूहाला जास्त बळ देते, कारण यात माहिती तुमच्याकडेच राहते आणि शब्दही तुमचाच शेवटचा असतो.

चांगल्या पद्धतीने झालेले कामही आहे. ऑस्ट्रेलियातील काकाडू राष्ट्रीय उद्यानात तिथले मूळ रहिवासी बिनिंज लोक, रेंजर आणि संशोधक यांनी मिळून पाणथळ गवताळ प्रदेशावर ड्रोन उडवले. तिथे पॅरा गवत नावाचे बाहेरून आलेले दाट गवत पाण्याची जागा गिळते आणि मॅगपाय गूज या पाणपक्ष्यांचे खाद्य संपवते. फोटोंचे छोटे चौकोन पाडून त्यांवर गवत आणि पक्षी यांची लेबले लावली गेली आणि मॉडेलचे निकाल रेंजरांच्या रोजच्या कामासाठी पडद्यावर दाखवले गेले. कोणत्या जागी आणि कोणत्या ऋतूत पाहायचे, जमीन 'निरोगी' कशाला म्हणायचे, हे बिनिंज लोकांच्या ज्ञानावर ठरले. मॉडेलला सोपवलेला प्रश्न लहान होता, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे. काय संरक्षित करावे हा प्रश्न मॉडेलला विचारलाच नव्हता.

कॅमेऱ्यांचे वेगळे पाहा

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून काही गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, प्राण्यांसाठी लावतात, पण वाटेने जाणारी माणसेही त्यात येतात. भारतातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाबाबत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जंगलात सरपण आणि इतर वस्तू गोळा करायला जाणाऱ्या बायकांवर कॅमेरे आणि ड्रोनमुळे पाळत बसल्याचे आणि त्यांनी जंगलातले बोलणे-गाणे कमी केल्याचे नोंदवले आहे. बायका मोठ्याने बोलतात त्याने वाघ-हत्ती दूर राहतात, त्यामुळे गप्प राहणे धोक्याचे असते. उपाय तांत्रिकही आहे. 'मेगाडिटेक्टर' हे खुले मॉडेल फोटोतला प्राणी, माणूस आणि वाहन वेगळे ओळखते आणि आपल्याच संगणकावर चालते. फोटो सर्व्हरवर चढवण्याआधी ते चालवून माणसांचे फोटो बाजूला काढा, हाताने एकदा नजर टाका (अंधारात आणि अर्धवट चौकटीत ते चुकते), आणि मग ते पुसा. 'माणसांचे फोटो अंमलबजावणीसाठी वापरले जाणार नाहीत' हे कलम त्याशिवाय हवेच.

करारातली ओळ अन् ओळ

कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समूहांनी १९९८ मध्ये आपल्या डेटाबाबत मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा ही चार तत्त्वे मांडली. लोक पहिल्या तिघांवर भांडतात आणि चौथे सोडून देतात. ताबा म्हणजे डेटा प्रत्यक्ष कोणाच्या डिस्कवर आहे. मालकी तुमची, पण सर्व्हर सरकारी विभागाचा असेल, तर माहिती अधिकाराच्या कायद्याखाली किंवा खुल्या डेटाच्या धोरणाखाली तो बाहेर जाऊ शकतो, आणि अधिकारी मनापासून म्हणेल की माझे हात बांधलेले आहेत. सही करण्याआधी त्या विभागाला लेखी विचारा: आमच्या नोंदी तुमच्या दप्तरी आल्या की त्या सार्वजनिक दस्तऐवज होतात का? उत्तर 'हो' किंवा 'पाहावे लागेल' असेल, तर कच्च्या नोंदी देऊच नका, फक्त निकाल द्या.

'डेटा' या शब्दाची व्याख्या रुंद करा. मूळ नोंदी, फोटो, आवाज, त्यांची लिखित प्रत, लेबले, त्यांपासून काढलेले नकाशे आणि आकडे, आणि त्यांवर शिकलेले मॉडेल, एवढे सगळे त्यात नावानिशी यावे. मॉडेलचा उल्लेख नसेल तर ते प्रकल्पाचे होते आणि तिथून कोणाचेही. न्यूझीलंडमधील ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने भाषेच्या ध्वनिमुद्रणांसाठी 'काइतियाकितांगा' परवाना केला. डेटा कोणाच्या मालकीची वस्तू नसून आपण त्याचे राखणदार आहोत आणि वापर समूहाच्या हिताचा असला तरच परवानगी, असा त्याचा गाभा आहे. पर्यावरणाच्या नोंदींनाही ही मांडणी चपखल बसते.

मुदत लिहा. दोन-तीन वर्षांनी परवानगी आपोआप संपावी, आपोआप वाढू नये. कोणी कधी डेटा उघडला याची नोंद दर तिमाहीला तुम्हाला मिळावी. उपकंत्राटदार आणि क्लाउड कंपनी यांची नावे करारात असावीत, आणि नोंदी सर्वसाधारण चॅटबॉटमध्ये टाकायला स्पष्ट मनाई असावी. वृद्धांच्या मुलाखती लिहून काढायला कोणीतरी घाईत फुकटचे टूल वापरतो आणि तिसऱ्या गठ्ठ्यातले ज्ञान अशा वाटेने जाते. छापण्याआधी मसुदा पाहायला ६० दिवस मागा. निष्कर्ष बदलायला लावू नका, संवेदनशील जागा आणि तपशील वगळायला लावा. निष्कर्ष पटला नाही तर तुमचे म्हणणे त्याच अहवालात छापले जाईल, असे लिहून घ्या.

'लोकल कॉन्टेक्स्ट्स' या संस्थेची पारंपरिक ज्ञानाची लेबले डेटाला जोडता येतात आणि ती जोडावीत. पण ती कायदेशीर परवाना नाहीत, हे ध्यानात ठेवा. शिवाय फोटोचे चौकोन पाडताना किंवा टेबल दुसऱ्या स्वरूपात नेताना लेबल गळून पडते. म्हणून लेबलचा क्रमांक प्रत्येक ओळीत स्वतंत्र स्तंभ म्हणून ठेवा आणि तो स्तंभ पुसणे म्हणजे करारभंग, असे लिहा.

पैशाचे: 'लाभाचा वाटा' या मोघम शब्दापेक्षा एका स्थानिक डेटा-राखणदाराचा पगार, संगणक, वीज आणि दुरुस्ती प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घालायला लावा. कंपनी गुंतलेली असेल तर जनुकीय माहितीसाठीचा काली निधी माहीत असू द्या. तो कोलंबियातील काली शहरात २०२४ मध्ये झालेल्या जैवविविधता परिषदेत ठरला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या १ टक्का किंवा उलाढालीच्या ०.१ टक्का द्यावे असे त्यात सुचवले आहे, आणि निदान निम्मा निधी आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या गरजांसाठी आहे. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर कराराचे कलम सोडू नका.

काही नोंदी आधीच गेल्या असतील तर

कोणत्या तारखेला, कोणाला, कोणत्या फाइल दिल्या याची यादी आजच करा. मग लेखी तीन प्रश्न विचारा: मॉडेल शिकवून झाले का, त्याच्या किती आवृत्त्या कोणाकोणाकडे आहेत, आणि कोणते नकाशे बाहेर गेले? शिकवणे झाले नसेल तर ताबडतोब थांबवायला सांगा आणि वर सांगितलेली निवड करून नवी फाइल द्या. झाले असेल, तर पुढची आवृत्ती तुमच्या संवेदनशील नोंदी वगळून पहिल्यापासून शिकवली जाईल आणि जुनी त्या दिवशी बंद होईल, अशी तारीख घ्या. दरम्यान तुमच्या हद्दीतले निकाल ११ किलोमीटरपेक्षा बारीक दाखवायचे नाहीत, एवढे एका ईमेलवर मान्य करून घ्या. हे शेवटचे बहुतेक वेळा त्याच आठवड्यात मिळते, कारण त्यासाठी मॉडेलला हात लावावा लागत नाही, फक्त नकाशाची सेटिंग बदलावी लागते.